मामाचा पांढरा

माझा मामा घरांना चुना लावायचा. त्याला कोणी रंगारी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "रंग काय, डबा उघडला की आला. चुन्याला राबावं लागतं," असं तो ऐकवायचा, आणि समोरच्याने मान डोलावली नाही तर पुन्हा ऐकवायचा.

मामी गेल्यावर तो आमच्याकडेच राहायला आला. आमची गल्ली उताराची, घरं जुनी, एकही भिंत धड सरळ नाही. मामाला त्या वाकड्या भिंतींचं कोण कौतुक! चुन्याचे थरावर थर बसून कोपरे गोल झालेले, खिडक्यांच्या कडा झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या. काम धरण्याआधी तो त्यांवरून नुसता तळहात फिरवायचा. मग परसात पिंपात चुनकळी भिजत घालायची, ती विरली की गाळायची, डिंकाचं पाणी घालायचं आणि शेवटी फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी बादलीत हलवायची. थोडी नीळ पडली की पांढरं जास्त पांढरं दिसतं, हे कपडे धुणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. कुठे थांबायचं हे मात्र मामाचा डोळा ठरवायचा. ओला चुना नुसता पाण्यासारखा दिसतो, खरा रंग वाळल्यावर उमटतो. म्हणून तो आधी एखाद्या फुटक्या कौलावर कुंचला मारून ते वाळेपर्यंत बसून राहायचा. तेवढ्या वेळात कोणी तोंड उघडलेलं त्याला खपत नसे.

गल्लीतली घरं त्याने वरच्या टोकापासून एकेक करत हातात घेतली. पहिली दोन-तीन पांढरीशुभ्र झाली. पुढच्यांना जराशी निळी झाक आली. काही वर्षांनी तो खाली आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंच्या घराशी पोचला, तेव्हा तिथली भिंत अशी निळी झाली की येताजाता उगाच थांबावंसं वाटायचं. उतार उतरताना आपण पांढऱ्यातून निळ्यात कधी शिरलो ते कळायचंच नाही. मी कामावरून मुद्दाम वळसा घालून वरच्या बाजूने घरी यायचे. कुठली कुठली माणसं येऊन फोटो काढायची. कोणी म्हणालं, "निळं काय सुरेख जमलंय हो," तर मामा फणकारायचा, "नीळ घातल्याशिवाय पांढरं होतं का कधी?" आम्ही म्हणायचो, जाऊ दे, कलावंत आहे, तिरसट असायचाच.

आमचं घर सगळ्यात खाली, आणि तेवढंच राहिलं होतं. घरचं काम शेवटी, हा मामाचा खाक्या. भिंतींचे पोपडे निघाले होते आणि आई त्यावरून त्याला उठताबसता टोमणे मारत होती.

मग एकदा शिडीवरून उतरताना त्याचा पाय चुकला. "दिसत नाही का तुला?" मी ओरडले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की खरंच दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्याला अक्षरशः ओढत नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही जुना मुरलेला. "सगळं पिवळट दिसत असेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. "काहीतरीच!" मामा म्हणाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच करायचं ठरलं, डाव्याचं दोन महिन्यांनी.

पट्टी निघाली त्या दिवशी गाडीने आम्हाला गल्लीच्या वरच्या तोंडाशी सोडलं. पहिली घरं बघून स्वारी खुशीत होती. मग तो सावकाश चालायला लागला. शिंपीणबाईंच्या भिंतीपाशी येऊन त्याने तिच्यावर हात टेकवला.

"हे निळं कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? तूच."

तो तिथेच पायरीवर बसला. त्याच्या डोळ्याला पांढरं पिवळं दिसत होतं, आणि तो पिवळेपणा मारायला तो नीळ वाढवत गेला होता. मोतीबिंदू मुरत गेला तशी घरागणिक नीळ वाढली होती. "जन्मभर पांढरं केलं गं मी," तो म्हणाला, "आणि शेवटी लोकांच्या भिंती नासवल्या." मला रडूच आलं.

काम करायची परवानगी मिळताच तो हट्टाला पेटला. गल्ली पुन्हा पांढरी करायची म्हणून चुना भिजत घातला. शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "माझ्या भिंतीला कुंचला लावून तर बघा, तुमची शिडीच आत ओढून घेते!" बाकीच्यांनीही नाही म्हटलं. मामाला वाटलं, सगळे आपली कीव करतायत. तो घराबाहेर पडेना, ताटावरून अर्धपोटी उठायला लागला.

शेवटी आई म्हणाली, "आपलं घर राहिलंय. मला शिंपीणबाईंसारखंच हवंय."

"ताई, चूक आहे ती. चूक मुद्दाम कशी करू?"

"माझ्यासाठी कर."

तो बसला बिचारा. नीळ हलवली, कौलावर कुंचला मारला, वाळेपर्यंत थांबला. पांढरं. नीळ वाढवली, तर दुकानाच्या पाटीसारखं भडक. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं आणि तिथेच घोडं अडत होतं. परसात कौलांची रांग लागली, पण तो निळा काही येईना. मामाने कुंचला फेकून दिला.

"अरे, डावा डोळा आहे ना अजून?" आई म्हणाली.

तो आत जाऊन, ऑपरेशननंतर झोपताना लावायला दिलेली डोळ्याची झाकणी घेऊन आला, ती उजव्या डोळ्यावर ठेवून वरून घट्ट रुमाल बांधला.

"आता नेहमीसारखं पांढरं कर," आई म्हणाली.

पुरचुंडी बादलीत फिरायला लागली. कौल वाळलं तसं आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"झालं का पांढरं?" मामाने विचारलं.

"पांढरंशुभ्र!" आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मामा खो-खो हसला.

एका डोळ्यावर रुमाल बांधून त्याने अख्खं घर केलं. मी शिडी दोन्ही हातांनी धरून त्याला शिव्या घालत होते आणि मनातून भिंतीकडे बघून हरखत होते. शेवटचा हात मारून झाला, मग त्याने डावा डोळा डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला.

दोन्ही डोळे मोकळे झाल्यावर तो आमच्या घरासमोर उभा राहिला. आई दारात होती. मामाने वरपासून खालपर्यंत भिंत बघितली, बाजूला जाऊन बघितली, पुन्हा समोर आला.

"सुरेख झालंय गं," तो म्हणाला. मग भिंतीवर तळहात फिरवत म्हणाला, "ताई, हे आता मला पुन्हा नाही जमायचं."

"माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणून तर तुझ्या मागे लागले होते."