विझवलेला राब

मे महिन्यात रोह्याच्या डोंगरात राहायला जायचं म्हटल्यावर सोसायटीतल्या बायकांनी मला वेड्यात काढलं. "पावसाळ्यात जा गं, धबधबे तरी असतात!" पण पावसाळ्यात सगळेच जातात, आणि सगळे जातात तिथे आपण जायचं नाही, हा माझा जुना ताठा. माझा नवरा सुहास जन्मभर एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. निवृत्त झाला तरी घरातल्या गॅसचं बटण झोपण्यापूर्वी तो पुन्हापुन्हा बघतो. त्याने गाडीत अग्निशामक नळकांडं ठेवलं, मी टोपी आणि झाडांची माहिती देणारं पुस्तक घेतलं, आणि भल्या सकाळी आम्ही ठाणं सोडलं.

मुंबई-गोवा रस्ता पूर्ण झाला असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पेणच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली तेव्हा आम्ही शहाणपणा करून हमरापूरच्या बाजूला आत वळलो. इथे आणि शेजारच्या जोह्याला घरोघरी गणपती तयार होतात. अंगणात, पडवीत, ताडपत्रीखाली, जिथे नजर जाईल तिथे पांढरेशुभ्र गणपती वाळत होते. डोळे नसलेले इतके गणपती एकदम पाहिले की उगीच हळू बोलावंसं वाटतं. एक बाई ओल्या ब्रशने एका मूर्तीची सोंड गुळगुळीत करत होती.

"शेती पण करता का?" मी विचारलं.

"शेती कवाच गेली," ती मान वर न करता म्हणाली. "थोडी रस्त्यात गेली, थोडी भरावात. आता बाप्पाच पिकवतो आमी."

मला ते वाक्य फार आवडलं आणि मी ते लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. पेणला पोह्याचे पापड घेतले, मिरगुंडं घेतली, सुहासने नको नको म्हणत असताना कुरडयाही घेतल्या. नागोठण्याला अंबा नदी उन्हाने रोडावली होती. पावसात हीच नदी बाजारात शिरते हे सांगूनही खरं वाटलं नसतं. तिथून रोह्याकडे वळलो आणि गावं मागे टाकून डोंगर चढू लागलो.

पूर्वी या रस्त्याला दोन्हीकडे रान असावं. आता दोन्हीकडे कुंपणं आहेत. तारांची, जांभ्या चिऱ्यांची, कुठे नुसत्या सिमेंटच्या खांबांची. मधेमधे प्लॉटच्या जाहिराती, आणि प्रत्येक जाहिरातीत हिरव्या गवतावर हसणारं एक कुटुंब. आमच्या मुक्कामाचं ठिकाण सापडेना म्हणून टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कुठलं फारमहाऊस? हितं आता त्येच हाय. माणसाचं घर इचारा, लगेच सांगतो."

आमच्या मुक्कामाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. जागा सुंदर होती. भर मे महिन्यात हिरवळ होती, निळा तलाव होता, आणि व्हरांड्यातून थेट कुंडलिकेचं खोरं दिसत होतं. मॅनेजर नीलेश हा वरच्या वाडीतलाच तरुण. त्याने जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोड्यांचा भात वाढला. मी बिरड्याचं कौतुक केलं तर म्हणाला, "वाल बाजारचे हायेत, मॅडम. आमचे वाल व्हायचे ते हितंच." त्याने बोट दाखवलं तिथे पोहायचा तलाव होता.

"म्हणजे ही तुमची जमीन?"

"होती. आता शेठची. पण पगार टायमावर देतात," तो म्हणाला, आणि भाकरी आणायला आत गेला. त्याच्या आवाजात कुठे रड नव्हती. मलाच उगीच जड वाटलं आणि मी आणखी थोडं बिरडं घेतलं.

संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा कुंपणाच्या पलीकडे यमुनाबाई भेटल्या. वय माझ्याएवढंच, पण अंग काटक. डोक्यावर पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) भारा. कुंपणाला लागूनच त्यांचं उतारावरचं शेत होतं. सगळ्या डोंगरउतारावर न विकलेला तेवढाच एक तुकडा.

"कुठलं गो तुमी?" त्यांनी भारा उतरवत विचारलं.

ठाण्याच्या म्हटल्यावर त्या हसल्या. बसल्या. मालक (नवरा) वारल्यापासून एकट्याच शेती करतात, दोन्ही दीर रोह्याला कंपनीत आहेत, असं सांगितलं. शेठला हे शेत गाड्या उभ्या करायला हवं होतं आणि दिरांना ते विकायचं होतं. "पण मी भांडले. तवा बोलले, तू लावतेस तवर लाव. ज्या साली पडीक पडंल त्या साली इकायची." एवढं सांगून त्यांनी शेताकडे पाहिलं. शेतात वाळकी पानं, फांद्या आणि शेण यांचे थर नीट चौकोनात पसरले होते.

ते कशासाठी, हे मी विचारायला हवं होतं. पण मी विचारत नव्हते, सांगत होते. उतारावर चर कसे खणावेत, पाणी कसं मुरवावं, झाडाची पानंसुद्धा रानातून का उचलू नयेत. सोसायटीच्या वृक्षारोपण समितीची मी अध्यक्ष आहे, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ आहे. यमुनाबाई मान डोलवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "व्हय ताई. चाय पिणार काय?" अंधार पडत आला म्हणून आम्ही नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला धुराच्या वासाने जाग आली. बाहेर येऊन पाहते तो कुंपणापलीकडून धुराचे लोट येत होते आणि मधूनमधून जाळ दिसत होता. मी ओरडले, "वणवा!"

सुहासचं जे झालं ते पाहण्यासारखं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याला कोणीतरी हाक मारत होतं. पायजम्यावरच धावत त्याने गाडीतलं नळकांडं आणलं, बाकीच्या पाहुण्यांना उठवलं, हिरवळीला पाणी घालायचे रबरी पाइप एकमेकांना जोडायला लावले. नीलेश मासळी आणायला रोह्याला गेला होता. स्वयंपाकी बाहेरगावचा, तोही बादल्या भरू लागला. मी कुंपणाच्या तारा वर धरल्या आणि माणसं पलीकडे गेली. मग मीही गेले. पाइपाला काय जोर होता! पाण्याच्या धारेने विस्तव फुटत होता, राख आणि शेण काळ्या ओघळांनी उताराला वाहत होतं. न पेटलेला थरही सुहासने धारेने फोडून उताराला वाहून लावला, "आत धुमसत असतं," म्हणाला. धूर संपला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी आमचा फोटो काढला. काळ्या हातांनी, चिखलाच्या पायांनी आम्ही हसत उभे होतो. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात खालून यमुनाबाई वर आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. खाली नळाला पाणी आलं म्हणून पेटवलेलं तसंच सोडून त्या पाळी धरायला गेल्या होत्या. एरवी त्या तिथून हलल्या नसत्या.

त्या ओरडल्या नाहीत. प्रथम त्यांची नजर गेली ती जमिनीवर पडलेल्या पाइपाकडे. तो कोणी बंद केला नव्हता, पाणी उताराने चाललं होतं.

"एवढं पानी!" त्या म्हणाल्या. मग शेताकडे पाहिलं आणि हंडा डोक्यावर तसाच ठेवून म्हणाल्या, "माझा राब."

राब. तो शब्द मला नवा नव्हता. शाळेत मी भूगोल शिकवत असे. पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, आणि तिथे आवण (भाताची रोपं) तयार करतात. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. वणवा म्हणून ओरडताना त्यातलं एक अक्षर मला आठवलं नव्हतं. चौकोनाच्या कडेने जाळ पसरू नये म्हणून झाडून साफ केलेला पट्टासुद्धा होता. आम्ही त्याच्यावरूनच धावत गेलो होतो.

पाहुणे एकेक करून कुंपणाकडे सरकले. नाश्त्याची वेळ झाली होती. मी आणि सुहास उभे राहिलो. नीलेश आला, त्याने एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "काकी, मी नव्हतो गो," एवढंच म्हणाला.

"आपण पुन्हा पसरू," मी म्हणाले. "आम्ही मदत करतो. पानं गोळा करतो."

"कुठून?" यमुनाबाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता, खराच प्रश्न होता. ज्या झाडांच्या फांद्या त्या दर साली तोडायच्या ती सगळी आता कुंपणांच्या आत होती. हा पाला त्यांनी थंडीपासून भारा भारा करून जमवला होता. शेणाला वाडीत आता गुरं नव्हती, तेही त्यांनी दुसऱ्या गावाहून आणलं होतं. आणि आवण उसनं आणावं, तर लावणी करणारं दुसरं घर उरलं नव्हतं.

मी नीलेशकडून नंबर घेऊन शेठना फोन लावला. आवारातल्या झाडांच्या चार फांद्या तोडू द्या, एवढंच मागायचं होतं. त्यांना बातमी आधीच कळली होती. ते इतके खूश होते की मला बोलूच देईनात. "मॅडम, तुम्ही मोठं काम केलंत! त्या धुराची दरवर्षी कटकट असते. पाहुणे तक्रार करतात. आता यंदा काही लावणी होत नाही तिथे, म्हणजे तो विषयच मिटला. झाडांचं मात्र जमणार नाही, तेच तर आपलं सौंदर्य आहे." पुढच्या वेळी आमच्याच पाहुण्या म्हणून या, असं आग्रहाचं आमंत्रण देऊन त्यांनी फोन ठेवला. मी तोंडातल्या तोंडात "थँक यू" म्हणाले. सवयीने म्हणाले, पण म्हणाले.

दिवसभर मी, सुहास आणि यमुनाबाई रस्त्याकडेचा पाला वेचत फिरलो. रस्त्याकडेला पाला कमी आणि चिप्सच्या पिशव्याच जास्त. ओल्या राखेवर पसरला तर तो कोपराही झाकेना. सुहास वाकून वाकून वेचत होता. उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता. शेवटी यमुनाबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. ऊन लागंल तुमाला. चाय करते."

या वेळी नको म्हणायचं तोंड नव्हतं. घरात गेलो. हंड्यातल्या त्याच पाण्याचा चहा. काळा, गुळाचा, गवती चहा घातलेला. कप मी तसाच खाली ठेवला. मी माफी मागितली. मागताना रडू आलं, आणि त्यांनाच माझी समजूत घालावी लागली याचीही लाज वाटली.

"तुमी काय वाईट मनानं केलं काय?" त्या म्हणाल्या. "आग बगून मानूस धावनारच."

मग त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली. आणि माझ्याकडे सरळ पाहत म्हणाल्या, "एक इचारू? दीर आता इकनार. म्हनतील, बग, पडीक पडली. मी अडवू शकत नाय. मग शेठपेक्षा तुमीच घ्या ना ती. तुमी थांबलात तरी. बाकीचे फोटो काढून गेले. तुमी घर बांधा, काय बी करा. कडंला वाईच जागा ऱ्हाऊ द्या, मी नाचणी लावीन."

मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. आम्ही दिरांना भेटतो, त्यांना सांगतो की चूक आमची आहे, हे शेत पडीक पडलेलं नाही, ते आम्ही पाडलं. रोहा वाटेवरच होतं. हे शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. पण त्याआधी मी दाराबाहेर पाहिलं. काळ्या पडलेल्या शेताच्या पलीकडे सगळं खोरं मोकळं पसरलं होतं. खाली नदी, समोर डोंगराच्या रांगा. शेठच्या व्हरांड्यातून दिसत होतं त्याच्यापेक्षा इथून कितीतरी छान दिसत होतं.

"बघू," मी म्हणाले.

यमुनाबाईंनी मान डोलवली. काल माझं पाण्याचं व्याख्यान ऐकताना डोलवली होती, अगदी तशीच. निघताना त्यांनी मूठभर वाल फडक्यात बांधून दिले, घरचे होते. सामान भरून आम्ही निघालो. रोह्यात दिरांची कंपनी कुठली, हे आम्ही नीलेशला विचारलं नव्हतं. रोह्याच्या बाजारातून गाडी गेली तेव्हा सुहास पुढे बघत होता आणि मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. कोणीच थांबूया म्हणालं नाही.

नागोठणं गेलं. पेण आलं. पुन्हा तीच रांग, पुढे ट्रक, मागे ट्रक. इतक्या वेळाने सुहासने तोंड उघडलं.

"गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे ना अजून?"

शेतजमीन विकत घ्यायची तर माणूस आधी कागदावर शेतकरी असावा लागतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हे आज का विचारतोस, असं मी म्हणायला हवं होतं. त्याच्या नखांत अजून यमुनाबाईंच्या राबाची राख होती, माझ्याही.

"आहे," मी म्हणाले. घराचं तोंड नदीकडे करायचं, हे माझं तोवर ठरूनही गेलं होतं.