फ्रीझरमधला खोका

शीतगृहात सगळे त्याला थंडोबा म्हणत. अठरा वर्षं गोठवलेल्या मासळीच्या पेट्या रचून हा इतका गार झालाय की आग लागली तरी आधी चहा संपवेल, अशी त्याची थट्टा चाले. पण दोन मुलं पोटातच गेली, तेव्हा हाच थंडोबा पेट्यांच्या आड जाऊन ढसाढसा रडला होता.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बायकोचं शरीर स्वतःवरच उलटतं, रक्तात गुठळ्या होतात, मग बाळापर्यंत रक्त पोचत नाही. त्यावर रोज पोटात एक इंजेक्शन, बाळंतपणापर्यंत. तिला स्वतःला टोचवेना, म्हणून टोचायला हाच शिकला. औषध उन्हात ठेवू नका, एवढं त्यानं ऐकलं. खोक्यावरचं बारीक अक्षर कोण वाचत बसतो? आणि माल टिकवायचा कसा, हे याला कोणी शिकवायचं? खोका थेट घरच्या फ्रीझरमध्ये गेला. रोज संध्याकाळी एक इंजेक्शन काढायचा, मुठीत धरून वितळवायचा आणि देवाचं नाव घेऊन टोचायचा.

पाचव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले.

आठवड्यानं तो एकटाच रिपोर्ट आणायला गेला. बाईंनी सहज विचारलं, इंजेक्शनं कुठे ठेवत होतात?

"फ्रीझरमध्ये. एकदम कडक," तो म्हणाला, तेही अभिमानानं.

बाईंचं पेन थांबलं. "गोठलं की त्या औषधाचा भरवसा राहत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. औषध नीट असूनही कधी कधी बाळ जातं."

घरी बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझंच रक्त वैरी निघालं हो," आठ दिवस तिचं हेच पालुपद. हा गप्प बसला असता तर कोणाला काय कळणार होतं? पण तिनं तो दोष जन्मभर उशाशी घेऊन निजावं, हे त्याला बघवेना. खाटेशी जमिनीवर बसून त्यानं सगळं सांगून टाकलं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीझरमधून उरलेला खोका घेऊन आली. त्याला वाटलं, आता फेकून मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तो त्याच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली.

"मी रोज बघत होते," ती म्हणाली. "वाटायचं, विचारावं. मग म्हटलं, यांना कळतं त्यातलं."

खोक्यावरचा बर्फ वितळून त्याची मांडी भिजली, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.