बारवेच्या शेवटच्या पायरीवर

माझं लग्न ठरलं तेव्हा जमीन किती, बैल किती, हे सगळं वडिलांनी विचारलं. आईनं दाराआडून एकच विचारलं, "पाण्याचं कसं हाय?" आम्ही पारगावच्या, नदीकाठच्या. माझ्या मावशीला माळावर दिली होती आणि ती उन्हाळाभर डोक्यावर हंडा घेऊन कोस कोस चालायची, म्हणून आईचा तो प्रश्न. पाहुणे म्हणाले, "जुनी दगडी बारव हाय. पायऱ्या उतरायच्या की कळशी बुडली. उन्हाळ्यातबी आटत न्हाई." आईचा जीव भांड्यात पडला.

सासर बेल्ह्याच्या बाजूचं, माळावरचं गाव. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. सासऱ्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, नंतर शेती. घरात सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर आणि सासऱ्यांची बहीण. तिला सगळं गाव आत्याबाई म्हणायचं. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती भांडली नाही, की रडत बसली नाही. दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि माहेरी निघून आली. दिराच्या वेळी सासूबाई बाळंतपणातून महिनोन् महिने उठल्या नाहीत, म्हणून तो आत्याबाईंच्याच मांडीवर वाढला. दहा वर्षांचं पोरगं ते, पण नात्यानं दीर, म्हणून मी त्याला भावजी म्हणायचं! त्याला त्याची भारी मिजास. "वैनी, भावजीला पाणी आना," असा बाजेवर पडून हुकूम सोडायचा आणि मी पाठीत धपाटा घातला की आत्याबाईंच्या पदरात शिरायचा.

पहिला चैत्र लागला आणि गाव लंगडं झालं. मला काही कळेना. कुणी काठी टेकत चाललंय, कुणी बाजेवर, ऐन नांगरणीच्या दिवसांत बैल दावणीला नुसते उभे. नवऱ्याला विचारलं तर हसला. म्हणाला, "नारू हाय. हितं समद्यांनाच व्हतो. तुलाबी व्हईल पुढल्या साली, घाबरू नगंस." धीर द्यायची काय ही तऱ्हा! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता नारू कुणी पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा, हात-दीड हात लांब. पायाच्या कातडीखाली वाढतो. मग फोड येतो आणि पायाला निखारा लावल्यासारखी आग होते. फोड फुटला की किड्याचं टोक बाहेर दिसतं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि मध्येच तुटला, तर पाय सुजून माणूस महिनाभर ओरडतं.

हे काम आत्याबाईंचं. पाय गार पाण्यात घातला की आगही थांबते आणि किडा आपणहून तोंड बाहेर काढतो, हे त्यांना ठाऊक होतं. बायांचं पाणी भरून झालं की दुपारी त्या दुखणेकऱ्यांना बारवेच्या शेवटच्या पायरीवर ओळीनं बसवायच्या, पाय पाण्यात. स्वतः शेजारी बसून, गप्पा मारत, हलक्या हातानं काडी फिरवायच्या. त्या साली त्यांच्या स्वतःच्या घोट्यालाही नारू होता. दुसऱ्यांचे पाय बघता बघता त्यांचाही पाय पाण्यातच असायचा. मोबदला म्हणून कुणाचं सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. टाकलेली बाई म्हणून लग्नकार्यात जिला मागं उभं करायचे, तिला उन्हाळ्याचे ते दोन-तीन महिने पाटलाच्या घरचेही हात जोडायचे. "आत्याबाई, तेवढं पाय बघा वं आमचा." त्या बाईला गावात जी काही किंमत होती, ती त्या पायरीवर होती. मला तेव्हाही ते दिसत होतं.

पुढच्या साली नवऱ्याचं म्हणणं खरं झालं. मला पोटरीला निघाला, भावजींना टाचेला. आम्ही दोघं शेजारी शेजारी पायरीवर बसायचो. पाण्यात पाय बुडला की काय सुख वाटायचं, काय सांगू! भावजी पाण्यात पाय हापटून माझ्या अंगावर शिंतोडे उडवायचे. आत्याबाई ओरडायच्या, "बस की रं मुडद्या जागेवं, तुटंल की!"

पण एका जागी बसेल तो पोरगा कसला? काडी बांधलेली टाच घेऊन गोठ्यात, उकिरड्यावर, कुठंही हुंदडायचा. एका सकाळी म्हणाला, तोंड उघडत नाही. आम्हांला थट्टाच वाटली. दुपारपर्यंत दातखीळ बसली, मान मागं ओढली गेली. बैलगाडीत घालून जुन्नरच्या दवाखान्याकडं निघालो. त्याचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं, त्याला तीच मांडी सवयीची. सासूबाई पायांशी बसल्या होत्या, त्या टाचेवर हात ठेवून. गाडी दचकली की त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं आणि डोळे तेवढे आमच्याकडं बघायचे. दवाखाना यायच्या आधीच तो गेला. गाडी तशीच मागं वळवली. 

त्यानंतरच्या थंडीत पुण्याहून एक डॉक्टर आले. तरणे, चष्मेवाले, अंगानं काडी. शाळेच्या पडवीत राहिले. औषध देत नव्हते. नारू कुठून येतो, ते शोधायला आलो आहे म्हणाले. गावाला हसायला तेवढंच पुरे झालं. "औषिद न्हाई तर डाक्तर कशाचा राव? त्यापरास आमची आत्याबाई बरी." त्यांना जेवायलाही कुणी विचारीना. आत्याबाईच दोन्ही वेळा भाकरी घेऊन जायच्या. "कुनाच्या का आईचं पोर असंना, उपाशी कशाला ऱ्हायचं?" म्हणायच्या. पोर गेल्यापासून त्यांना कुणाला तरी जेवू घालायचंच होतं, असं मला वाटायचं.

डॉक्टर घरोघर फिरून विचारायचे, नारू कुणाला होत नाही? आम्हांला प्रश्नच उलटा वाटायचा. होतो त्याला विचारा की! पण त्यांनी हेका सोडला नाही, आणि शेवटी गावाबाहेरच्या वस्तीवर पोचले. तिथं एकाही घरात नारू नव्हता. त्या वस्तीला आम्ही बारवेची पायरी शिवू देत नव्हतो. ती माणसं ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी वाटीनं पाणी भरायची आणि ते पाणी पिऊन धडधाकट होती. सोवळ्यात राहिलेलं आमचं गाव लंगडत होतं. ऐकून मला हसावं की रडावं कळेना. गावानं मात्र ही गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी केली.

चैत्र आला. पुन्हा पायरीवर माणसं बसली. डॉक्टर आत्याबाईंच्या मागोमाग बारवेत उतरले, आणि पाण्यातले ते पाय बघून जागीच थांबले.  एका वाटीत पाणी घेतलं, एकाच्या फोडाला लावलं. पाण्यात दुधासारखं काहीतरी पसरलं. ते त्यांनी आपल्या यंत्राच्या काचेखाली धरून आम्हांला दाखवलं. बारीक बारीक, वळवळणारं, मोजता येणार नाही इतकं. आत्याबाई बराच वेळ डोळा लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "लईच हाईत की वो." 

मग डॉक्टरांनी मारुतीच्या पारावर गाव बोलावलं. आम्ही बायका भिंतीकडेला बसलो. आत्याबाई, मी, आणि पलीकडं सासूबाई. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं. नारूचा पाय पाण्यात बुडला की पिल्लं पाण्यात पडतात. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक किडे गिळतात. ते पाणी आपण पितो आणि पोटातून नारू वाढत वाढत पायाला येतो. म्हणून माणसाचा पाय पाण्याला लागता कामा नये. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाट लावा, तोवर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या.

गाढवापुढं वाचली गीता! एक म्हणाला, आमच्या पणज्यापासून हेच पाणी पितोय. दुसरा म्हणाला, "पाण्याच्या देवी, साती आसरा, हाईत बारवेच्या कोनाड्यात. पायऱ्या बुजवल्यावं त्यांस्नी काय रहाटावं बसवायचं?" सगळा पार हसला. डॉक्टरांचा चेहरा पडला. सगळ्यांना वाटलं, आता आत्याबाई त्यांना चार शब्द सुनावणार. बारव त्यांचीच ना.

आत्याबाई उठल्या. डोईवरचा पदर सारखा केला. "डाक्तर, पाण्यात पिल्लं पडल्यावं पायाला नारू निघंस्तवर किती काळ जातो?"

"साधारण वर्ष."

"म्हंजी या साली निघाला, त्यो गेल्या साली प्यालेला."

"हो."

 मी त्यांच्या पायाशी बसले होते. त्यांची बोटं लुगड्याचा काठ चुरगळत होती, ती मला दिसत होती. मग त्या पाराकडं वळून बोलल्या, "मंग बुजवा. तुमच्या समद्यांचं पाय म्या पाण्यात घातलं. भलं करतीया म्हनून घातलं. आमचा पोरगा गेला, त्याच्या आदल्या साली त्या पायरीवं माझा सवताचा पाय व्हता. तेच पाणी कळशी भरून म्याच त्याला पाजलं. आता आसरा कोपल्या तर माझ्यावं कोपू द्या. उद्याच्याला कामाला लागा."

डॉक्टर घाईनं म्हणाले, "आत्याबाई, कुणाच्या पायातलं ते कुणालाच सांगता येत नाही. यात तुमचा दोष नाही."

"तुमास्नी सांगता येत नसंल," आत्याबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पलीकडं सासूबाई उठल्या आणि कुणाकडं न बघता घरी गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई आत्याबाईंनी भरलेला हंडा अंगणात ओतत होत्या. शेवटचा थेंब पडेपर्यंत उपडा धरला. मग दुसरी कळशी घेऊन स्वतः बारवेकडं चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी खरंच दगड येऊन पडले. डॉक्टरांच्या बोलण्यानं जे झालं नाही, ते त्या बाईच्या दहा वाक्यांनी झालं. पायऱ्या बुजल्या, आसरा वर कठड्याशी आल्या, रहाट लागला. दोन-तीन वर्षांत नारू सरला. जुन्नरपर्यंतच्या पाहुण्यांना गाव मिशीला पीळ देऊन सांगायचं, आमच्याकडं आता नारू न्हाई! आत्याबाईंचं नाव कुणी काढत नव्हतं. नारूच नाही तर आत्याबाई कशाला? लग्नात त्या पुन्हा मागं उभ्या राहायला लागल्या. एक-दोघी तर कुजबुजायच्या, हिनंच पोर खाल्लं. असल्यांची मी पाणवठ्यावर चांगली खरडपट्टी काढली. म्हटलं, तुमच्या नवऱ्यांचे पाय कुणी धरले होते गं, विसरलात होय?

पण घरात माझं काही चालत नव्हतं. सासूबाई कधी आत्याबाईंना वाईट बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. दोघी एकदा गळ्यात पडून रडल्या असत्या. तसं झालं नाही. "वन्सं, भाकरी थापा, वन्सं, गुरं सोडा," सगळं बोलणं चालू. फक्त आत्याबाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. आत्याबाई रहाटानं घरचं पाणी भरायच्या. सासूबाई आपली कळशी वेगळी भरून आणायच्या, तापात असल्या तरी. मी एकदा न राहवून म्हणाले, आता पाणी चांगलं आहे की. सासूबाई म्हणाल्या, "पाणी चांगलंच हाय." एवढंच.

मग सासूबाईंना कावीळ झाली. अंग हळदीसारखं पिवळं, पोटात अन्न ठरेना. वैद्य झाला, दवाखाना झाला. शेवटच्या दिवशी भर दुपारी मी मागल्या दारी त्यांचं अंथरूण वाळत घालत होते. आत त्यांनी पाणी मागितल्याचा आवाज आला. हात झटकून मी आत गेले तर आत्याबाई उशाशी बसलेल्या. एका हातानं मान उचलून धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या, ओठांशी टेकवलेला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ मिटलेले.

"वैनी, घ्या वो," आत्याबाई म्हणत होत्या. "एकच घोट घ्या."

मला दोघींचाही राग आला आणि दोघींसाठी भडभडूनही आलं. मी खाली बसले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी तो सासूबाईंच्या ओठांना लावला. तेच पाणी, तोच तांब्या. त्या घटाघटा प्यायल्या.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "प्याली न्हवं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"मंग झालं," त्या म्हणाल्या.