वरच्या मजल्यावरचा 'एफ'

कानवाले तणतणत जिना चढले ते वरच्या रोजच्या टुणटुणीवरून भांडायला, आणि दारातच असे खिळले, की भांडण कुठल्या पायरीवर सांडलं ते त्यांचं त्यांनाच कळेना. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर, मांडीत चिमुकल्या गिटारसारखं उकुलेले घेऊन त्यांची स्वतःची, लग्नाची बायको बसली होती.

"तू?" एवढं म्हणायला त्यांना दोनदा तोंड उघडावं लागलं. "तू तर शिवण शिकायला येतेस ना?"

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "इतक्या महिन्यांत घरी साधा रुमाल तरी शिवून आला का हो? तुम्हाला संशयसुद्धा आला नाही?"

नव्हता आला. धक्का बसला तो त्याचाच. कारण कानवाल्यांचा धंदाच ऐकण्याचा. जाड दाराच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक 'टूं' वाजवायचं, ऐकू आलं तर बटण दाबायला सांगायचं, आणि नाहीच आलं तर यंत्र बसवून द्यायचं. "माझ्या कानातून काही सुटत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. रोज संध्याकाळी छतातून झिरपणारं हे उकुलेलेही सुटलं नव्हतंच. पण ते त्यांनी परस्पर शिंपीणबाईंच्या भाच्याच्या नावावर टाकलं होतं, आणि रात्री जेवताना त्याचा साग्रसंगीत पंचनामा चालायचा.

"वरचा बावळट आजही चुकला! 'जी' कॉर्ड छान धरतो. मग सरळ 'डी' वाजवावा, तर तिथं 'एफ' दडपून देतो. तरुणपणी माउथ ऑर्गन वाजवलाय म्हटलं मी, मला कळत नाही होय?"

आता दारात उभ्या उभ्या त्यांना आठवलं, की असं म्हटल्यावर बायकोचा वाढणारा हात क्षणभर हवेत थांबायचा, आणि मग भाजी ताटात जरा जोरातच पडायची.

"म्हणजे... तो बावळट..."

"मीच," बायको म्हणाली. रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. तिनं मऊ फडक्यानं तारा पुसल्या आणि पिशवीची चेन उघडली. "बाई, उद्या वाचनालयाच्या कार्यक्रमात माझ्या जागी दुसरं कुणी घ्या. घरातल्या जाणकारांना माझं रोज चुकलेलं ऐकू येतं. सगळ्या सभागृहाला ऐकू जायला नको."

"अगं, चुकलेलं कुठंय? मिक्सोलिडियन आहे ते!" इतके महिने तिला उकुलेले शिकवणाऱ्या शिंपीणबाई कळवळल्या.

"काय आहे?" कानवाल्यांना ते कानात घालायच्या थेंबांचं नाव वाटलं.

"सगळे सूर शुद्ध, फक्त नी तेवढा कोमल. म्हणून 'जी'च्या मागून 'एफ' येतो, मग 'सी', मग परत 'जी'. जायचं घरीच, पण मागच्या गल्लीनं. कळलं?"

"ते ठीक आहे, पण कानाला..." जुन्या सवयीनं कानवाले बोलून गेले, आणि बोलल्या बोलल्या जीभ चावली.

बायकोनं पहिल्यांदा मान वर केली. "कानाला काय? रोज सकाळी दाढी करताना काय गुणगुणता तुम्ही?"

"मी? मी कशाला गुणगुणतोय!"

तीन बोटं टेकवून तिनं 'जी' छेडला, मग दोन बोटांचा 'एफ'. आणि कानवाल्यांच्या घशातून, त्यांची परवानगी न घेता, एक सूर बाहेर पडला. कोमल नी, अगदी अचूक. तो 'सी'वरून वळला आणि 'जी'वर येऊन सुखरूप थांबला. कानवाल्यांनी उचकी लागावी तसा तोंडावर हात ठेवला. आपलंच तोंड आपल्याला फितूर होईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"आता तुमचा 'डी' घ्या," ती म्हणाली आणि 'एफ'च्या जागी 'डी' वाजवला. बिनचूक होतं. इतकं बिनचूक, की शाळेच्या कवायतीत उभं केल्यासारखं वाटलं.

"राहू दे," कानवाले हळूच म्हणाले. "'एफ'च वाजव."

"बावळटासारखा?"

"बावळट इथं दारात उभा आहे. तू उद्या वाजव. मला... मला समोर बसून ऐकायचंय गं."

"बघू," ती म्हणाली. पण पिशवी रिकामीच राहिली, आणि उकुलेले मांडीवरून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात कानवाले पुढच्याच रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. बायकोनं 'जी' वाजवला. मग 'एफ' आला, आणि मागच्या खुर्चीवरचा गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाला लागला, "बाई चुकल्या वाटतं."

कानवाले सावकाश, खुर्चीसकट मागं वळले.

"सोमवारी दुकानात या," ते म्हणाले. "कान तपासून देतो."