बुजवलेला झरोका आणि माझी उर्दू चिठ्ठी

मंडळी, आज मी घरमालकाचा ऋणी झालोय, आणि चांगलाच ओशाळलोयही.

परभणीत मी मास्तर आहे. किरायाच्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात राहतो. या पावसाळ्यात भिंतींवर काळी बुरशी चढली आणि तान्ह्या लेकीचा खोकला काही थांबेना. संतापून मालकाला पेडगावी सरकारी कचेरीतल्यासारख्या कडक उर्दूत चिठ्ठी धाडली: मरम्मत करा, नाहीतर कचेरीत दरखास्त देतो.

आज सकाळी मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, बैलगाडीत खारी माती भरून दारात हजर.

"मास्तर, पटवाऱ्याकडून चिठ्ठी वाचून घेतली. घरच्यायला वाटलं, जप्तीच आली! पण कसूर माझाच हाय. औंदा माळवदावर माती टाकायची राहिली."

काकांनी स्वतः वर चढून माती पसरली, दाबली. मग खाली येऊन चुलीपाशी थांबले आणि वर बघत म्हणाले, "अन् छतातला झरोका कुठं गेला?"

झडीत पाणी गळत होतं म्हणून मीच त्यावर फरशी ठेवून चिखलानं लिंपलं होतं. मी पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेला. झड उघडली की झाकण काढायचं असतं, हे मला कुठलं ठाऊक! धूर, वाफ, ओल सगळं आतच कोंडलं होतं.

काका रागावले नाहीत. फरशी काढली, तसा चुलीपाशी कवडसा पडला.

"छत मी बघतो, वारा तुमी बघा," एवढंच बोलले.

काकांना उर्दू वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. धाक बसावा म्हणूनच उर्दूत लिहिलं होतं. माफी मात्र मराठीत मागितली.

तुम्ही कधी असे भांडलात का?