गव्हाणला राहून गेलेली चाल

तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. असले अनुभव कोणी सांगितले की मी आधी विचारायचो, झोप नीट झाली होती ना? म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले...

मी नवीन पनवेलला राहतो. दर रविवारी दुपारी गव्हाणला माझ्या मित्राकडे, दामूकडे, बुद्धिबळ खेळायला जायचो. दोघेही हौशी खेळाडू. मी स्पॅनिश ओपनिंग करायचो – प्यादं, घोडा, उंट. आणि दामू तिसऱ्या चालीला हमखास आपला उंट बाहेर काढायचा. पुस्तकात त्याला क्लासिकल डिफेन्स म्हणतात. दामू म्हणायचा, "उंटाला घरान कोंडून ठेवायचा नाय, मास्तर."

शेवटचा डाव त्याच्या छातीत दुखायला लागल्यामुळे अर्धाच राहिला. हॉस्पिटलमधून त्याचा फोन आला. "चाल सापडली, मास्तर! भेटल्यावर दावतो." भेट झालीच नाही.

दामूच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. कुंदावहिनींनी, म्हणजे दामूच्या बायकोने, पट आणून माझ्यासमोर ठेवला.

"तुमी न्या, भाऊ. हितं कोन खेलनार?"

मी सोंगट्या मांडल्या. सवयीने पहिल्या चाली खेळलो. वहिनी समोर बसल्या आणि एकेक उत्तर देत गेल्या. तिसऱ्या चालीला त्यांनी काळा उंट उचलला, बोटांत एकदा फिरवला, अगदी दामूसारखा, आणि बाहेर ठेवला. उंटाला 'टोपीवाला' म्हणणारी ही बाई! मी खेळत राहिलो. बाराव्या चालीला लक्षात आलं, हा आमचा तोच अर्धा डाव होता.

डाव थांबला होता तिथे वहिनींनी घोडा उचलून परत त्याच्या मूळ घरात नेला. माघार! मला कधीच सुचली नसती... आणि माझा सगळा हल्ला तिथेच संपला.

"वहिनी, ही चाल कोणी शिकवली तुम्हाला?"

त्या दचकल्या. "मना? भाऊ, दोनी बाजूंनी तुमीच चालवत होतां. मी नुसती बगत होती."

मी खेळलो असेन, तर मला माहीत नसलेली चाल माझ्या हातून कशी झाली? वहिनी खेळल्या असतील, तर त्यांना आठवत कसं नाही? खूप विचार केला.

भीती तेव्हाही वाटली नाही. वाईट एवढंच वाटतं, की मी प्रश्न विचारला. गप्प राहून पुढची चाल खेळलो असतो... तर कदाचित तो अजून थोडा वेळ बसला असता.