दिवसा वीज आणणारे मामा

सूर्याला कामाला लावणारा माझ्या बायकोच्या मामांसारखा दुसरा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. उभी हयात त्यांनी औष्णिक वीजकेंद्रात कोळशाच्या धुळीत घालवली आणि निवृत्त होऊन श्रीरामपूरजवळच्या गावी परतले ते कोळशाशी वैर घेऊनच. आल्या आल्या गच्चीवर सौर पॅनल बसवले. रोज सकाळची प्रार्थना आटोपली की ते मामींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसायचे, आणि त्यांवर कुणाची सावली पडलेली त्यांना खपत नसे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा गच्चीवर उभा राहून गाव न्याहाळत होतो. खालून आवाज आला, "जावईबापू, जरा बाजूला व्हा. तुमी युनिट खाताय." स्वयंपाक सूर्यचुलीवर, त्यामुळे ढग आला की पाहुण्याच्या पुढ्यात शेंगदाणे यायचे. त्या दिवशी मी दुपारी चारपर्यंत शेंगदाणेच खात होतो आणि मामा उशिरा आलेल्या कामगाराला झापावं तसे ढगाला झापत होते.

हे वेड गच्चीपुरतं राहिलं असतं तर गाव नुसतं हसलं असतं. पण शेतीच्या मोटारींना वीज बहुतेक रात्रीच यायची. मामांचा मुलगा योहान अंधारात उसाला पाणी द्यायला जायचा आणि त्या उसात बिबट्या फिरत होता. तो परत येईपर्यंत मामी दारात बसून राहायच्या. गायरानावर सौर प्रकल्प झाला तर वीज दिवसा मिळणार होती, पण गाव जागा द्यायला तयार नव्हतं. शेरडं कुठं चारायची, एवढा एकच सवाल. मामांनी ग्रामसभेत पॅनल म्हणून चार बांबूंवर पत्रा टाकला आणि त्याखाली स्वतःची शेळी बांधली. "बघा, सावलीत कशी निवांत चरती." शेळीने चारा सोडून सरपंचांचा हार खाल्ला. सभेत एवढा हशा पिकला की मामांचं सगळं मुसळ केरात जाणार असं दिसलं. तेवढ्यात कधी सभेत न बोललेल्या मामी उठल्या.

"तुमची शेरडं रातच्याला गोठ्यात असत्यात," त्या म्हणाल्या. "माझं पोरगं उसात असतं."

आधी बायकांचे हात वर गेले, मग पुरुषांचे. ठराव झाला.

प्रकल्प उभा राहिला. वीज कधीपासून दिवसा येणार ते गावाला सांगितलं होतं, पण इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ते कोण मनावर घेणार? रात्री वीज आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून सगळ्यांनी ऑटो स्विच लावून ठेवले होते. त्या दिवशी भर दुपारी साऱ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि गाव घाबरलं. वायरमनला फोनवर फोन जाऊ लागले, "लाईट चुकून आली हाय, बंद करा." मी नेमका त्यांच्याकडे आलो होतो. मामा माझ्या मोटारसायकलवर मागे बसले आणि आम्ही वस्तीवस्तीवर फिरलो. "चुकून न्हाई, आपलीच हाय. पानी धरा," असं ते ओरडत होते, आणि थोड्या वेळाने मीही ओरडायला लागलो. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

दिवेलागणीला योहान पायांचा चिखल धुऊन जेवायला बसला. मामींनी त्याला वाढलं, तिथेच भिंतीला टेकल्या आणि बसल्या जागी झोपी गेल्या. मी काहीतरी बोलणार तोच मामांनी हातानेच मला गप्प केलं.

"साऱ्या राज्याला लाईट दिली, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "हिला झोप द्यायला म्हातारपन उजाडलं."